तहकूब सभेतली किटली

ऐन दगान
१६ सप्टेंबर १९९६

प्रिय निमरोद,

अठरा वर्षांनी माझं अक्षर पाहून वाईट बातमी समजूनच तू पाकीट फोडलं असशील, म्हणून आधीच सांगतो. कुणी गेलेलं नाही. तुझी आई ठणठणीत आहे. इतकी ठणठणीत की गेल्या महिन्यात तिने माझ्या डोळ्यांदेखत चळवळीच्या दप्तरावर आलुबुखारचं सरबत सांडायचा प्रयत्न केला. मी वही वेळेवर उचलली. सरबत माझ्या मांडीवर आलं.

आज माझा उपास आहे. नव्या वर्षाच्या पाठोपाठ येणारा हा छोटा उपास तुम्हा टेकडीवरच्या लोकांना ठाऊकही नसेल. दिवस मावळेपर्यंत पाणी नाही. आणि तुला लिहायचं आहे ते सगळं चहाबद्दल. देवाने माझी परीक्षा बघायला चांगला मुहूर्त काढला.

मी तुमच्या किबुत्झच्या, त्या सगळं सामायिक असलेल्या वसाहतीच्या, दप्तरखान्यात कसा आलो हे तुला माहीत नसणार. तू मेलबर्नला गेलास त्यानंतरची गोष्ट. मी आपला टेकडीखालच्या गावचा सुतार. बारा वर्षांपूर्वी तुमच्या लोकांनी मला कपाटं करायला बोलावलं. पगारी माणूस ठेवायचा नाही हे तुमचं तत्त्व, त्यामुळे माझ्यावर दोन सभा झाल्या आणि मला ‘पाहुणा सुतार’ ठरवण्यात आलं. कपाटं झाली, तेवढ्यात दप्तर सांभाळणारा म्हातारा वारला, आणि किल्ली माझ्याच हातात राहिली. तेव्हापासून मी पाहुणा आहे. पाहुण्याला पगार मिळतो हे कुठे लिहायचं नाही असं ठरलं होतं, आणि तसं ठरल्याचं मात्र वहीत व्यवस्थित लिहिलेलं आहे.

दप्तरखाना म्हणजे तुमची जुनी धुलाईची खोली. त्यात सगळी चळवळ मावली आहे. पोलंडातल्या तरुणांच्या शिबिरांच्या डायऱ्या, निळे सदरे, सोळा वर्षांच्या पोरापोरींनी शेकोटीभोवती घेतलेल्या शपथा. ‘प्रेम आणि समाजवाद: चर्चा’ अशा सहा पेट्या आणि ‘डास’ अशी एक. डासांची पेटी जास्त वाचनीय आहे. त्या डायऱ्या लिहिणारी निम्मी मुलं युद्धात गेली, इथवर पोचलीच नाहीत, म्हणून त्या पेट्यांना हात लावण्याआधी मी हात धुतो. लोलेक हसतो. लोलेक तुला आठवतो ना, सभेचा अध्यक्ष, ज्याच्या घंटीला तुम्ही पोरं भ्यायचात? एक्याऐंशीचा झाला. माझ्या डोक्यावरच्या टोपीवरून त्याचं रोज काहीतरी चालू असतं. “काय रे सआद्या, आमच्या मंडळींनी देवाला हाकललं आणि देवाने तुला पाळत ठेवायला पाठवलं काय?” एकदा विचारलं, “तुझा देवही म्हणे वही ठेवतो. नव्या वर्षाला लिहितो, दहा दिवसांनी शिक्का मारतो. पण मला सांग, सूचना कोण मांडतं? अनुमोदन कोण देतं?” मी म्हटलं, “एकमताने होतं, लोलेक.” तर मान हलवून म्हणाला, “एकमत! मग नक्की कुणीतरी दबून बसलेलं असणार.”

आता मुद्द्यावर येतो. सणाचे दिवस संपले की चळवळीच्या मुख्य कचेरीची गाडी येणार आहे. सगळ्या वह्या जाणार, त्यांचे फोटो निघणार आणि मग जगात कुणालाही, मेलबर्नमध्ये बसूनसुद्धा, त्या मागवून वाचता येतील. हे जेवणघराच्या फळ्यावर लागलं, आणि दुसऱ्याच दिवशी तुझी आई माझ्या दारात. “सआद्या, पंचावन्न सालची वही काढ. त्यातली एक ओळ मला काढून टाकायची आहे.” मी म्हटलं, “रुझका, वही तुमची नाही न् माझीही नाही. यातलं अक्षर काढता येत नाही.” “तुमच्या पोथीत चुकलं तर?” “पोथीत चुकलं तर पोथी वाचायला घेत नाहीत, पण फाडत नाहीत. नीट ठेवून देतात.” “मग ही वहीही दे ठेवून. माझ्या पलंगाखाली.”

तेव्हापासून दर मंगळवारी ती येते. वही मागते, एका पानावर अंगठा ठेवून बसते. एकदा विणकामाच्या पिशवीतून कात्री निघाली. “लोकर कापायला,” म्हणाली. पिशवीत लोकर नव्हती. एकदा खोडरबर. मग ते सरबत. मी समोर बसून राहतो, ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईवर पाळत ठेवणं हे काही चांगल्या माणसाचं काम नव्हे. पण मला त्या ओळीपेक्षा तिच्या तोंडावरच्या भीतीचंच कोडं पडलं होतं. रुझका, जी तुमच्या गोठ्यातल्या बैलाला कान धरून बाहेर काढायची, ती एका ओळीला भीत होती.

तुला माझी शाळा माहीत आहे. आमचे वाडवडील येमेनहून आले ते एकेक पुस्तक घेऊन. गुरुजींपुढे एक पुस्तक आणि भोवती आम्ही सात पोरं गोल करून. ज्याच्या वाट्याला जी बाजू येई त्या बाजूने तो वाचायला शिके. मी बरोबर समोर बसायचो. अजूनही मला उलटं पुस्तक सुलट्यापेक्षा लवकर लागतं. लष्करात माझ्या या विद्येवर तू पैजा लावायचास. तर एका मंगळवारी तुझ्या आईने पान उलटायला अंगठा उचलला, आणि मी समोरून, उलटं, वाचून गेलो. वाचायचं नव्हतं. डोळ्यांना कुठे कळतं. 

आता तुला ते सांगायलाच हवं. फेब्रुवारी १९५५ची सर्वसाधारण सभा. विषय, किटली. तुझ्या मावशीने ब्वेनोस आयरेसहून पाठवलेली निळी किटली तुझ्या आईने भांडारात जमा न करता आपल्या खोलीत ठेवली होती. ज्याने त्याने आपापल्या खोलीत चहा केला तर जेवणघरात कोण येणार, आणि जेवणघर ओस पडलं तर समाजवाद कुठे बसून जेवणार, असं भाषण लोलेकने केलेलं आहे, पावणेतीन पानं. ठराव दोन: किटली सर्वांची. आडनावांच्या क्रमाने प्रत्येक घराला एका संध्याकाळपुरती मिळेल, ज्याचा नंबर त्याने स्वतः येऊन न्यावी, सकाळी परत करावी. एकमताने मंजूर. म्हणजे तुझ्या आईनेही हात वर केला. तिचा नंबर तीन महिन्यांनी लागला, तोवर किटलीच्या पोटाला पोचे पडले होते. ती किटली आता माझ्याकडे काचेच्या कपाटात आहे, ‘समान वाटपाचे साधन’ अशी चिठ्ठी लावून.

आणि मग ठराव तीन. किटलीची बातमी, तुम्ही पोरं आईबापांपासून वेगळी जिथे राहायचात त्या बालगृहाच्या ताई हेनियाने सभेला दिली होती, आणि हेनियाला ती एका मुलाकडून मिळाली होती. ‘निमरोद, वय आठ, याच्या समाजनिष्ठेबद्दल सभा त्याचे अभिनंदन करते. बाजूने एकशे बेचाळीस. विरोधात एक, रुझका.’

ती ही ओळ. हिच्यावर अंगठा होता.

मी वही बंद केली आणि घरी येऊन जेवलो नाही. मला लष्करातली आपली ती हिवाळ्यातली टेकडी आठवली. सगळी तुकडी माझ्या डब्याभोवती. माझी आई मसाला कुटून द्यायची, त्या चहासाठी आपला अधिकारीसुद्धा रांगेत उभा राहायचा. एकटा तू थंड पाणी प्यायचास. बोटं निळी पडायची, पण चहा नाही. मी विचारलं तर म्हणालास, “मला नाही सोसत.” आणि एकदा पहाऱ्यावर, हसत हसत, कुठल्याशा निवडणुकीचा विषय निघाला तेव्हा: “माझ्या आईने एकदा माझ्याविरुद्ध मत दिलं होतं.” मला वाटलं असेल काहीतरी तुमचं शाळेतलं. मी पण हसलो. मला क्षमा कर, मी हसलो.

म्हणजे इकडे आई एक्केचाळीस वर्षं जपते आहे की मुलाला हे कळू नये, आणि तिकडे मुलाला ते आठव्या वर्षापासून पाठ आहे. बालगृहात अशा बातम्या न्याहारीच्या आत पोचत असतील. अभिनंदन म्हणून ट्रॅक्टरवर बसवून तुला मळ्याभोवती फिरवून आणलं, हेही वहीत आहे. त्या ट्रॅक्टरवर तुझं तोंड कसं होतं ते मात्र कुणी लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या ओळी वाचल्या. इतक्या वर्षांत त्या कुणी वाचल्या नसाव्यात, कारण सगळ्यांचं लक्ष किटलीवर. ‘रुझका विरोधाचे कारण सांगू इच्छिते. अध्यक्ष: क्रमाने बोलावे. गोठ्यातून निरोप, गाय अडली आहे. सभा तहकूब.’ त्यानंतर पान कोरं. पुढची सभा महिन्याने, तिचा विषय बटाटे.

मी वही घेऊन लोलेककडे गेलो. त्याने चष्मा बदलून दोनदा वाचलं. एखाद्या तरण्या पोरासारखा खुर्चीतून उठला. “सआद्या! ही सभा संपलेलीच नाही! वक्त्यांच्या यादीत नाव आहे आणि वक्ता बोललेला नाही. माझ्या अध्यक्षतेखाली!” मी म्हटलं, “पण आता त्या एकशे त्रेचाळीसांतले उरलेत किती?” “चार. मी, हेनिया, मुंडेक आणि ती स्वतः.” “मग गणपूर्ती?” लोलेकने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं जशा नजरेने आमचे धर्मगुरू, रब्बी, अडाणी जावयाकडे पाहतात. “तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, सुतारा. नियम अकरा.”

गेल्या शुक्रवारी, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, सभा भरली. त्या सकाळी आमच्याकडे एक रिवाज आहे. तिघांपुढे उभं राहून सांगायचं की वर्षभरात तोंडून जे बांधून घेणारे शब्द गेले त्यांतून मला सोडवा, आणि ते तिघं तीनदा म्हणतात, तू मोकळा आहेस. मी ते उरकून टेकडी चढलो. दप्तरखान्यात लांब टेबलाशी चौघं बसलेले. लोलेक घंटी घेऊन. हेनिया, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, अजून पांढरा ॲप्रन लावते. मुंडेक, जन्मभर गोठ्यात राबलेला, आता ठार बहिरा. तो सगळ्याच सूचनांना दोन्ही हात वर करतो, म्हणून त्याच्या शेजारी बसून एक हात खाली धरायचं काम हेनियाकडे. आणि तुझी आई, सणाचा पांढरा सदरा घालून, हातात घडी घातलेला कागद.

लोलेकने घंटी वाजवली. “एक्केचाळीस वर्षांच्या विश्रांतीनंतर सभा पुढे चालू होत आहे. रुझकाला तीन मिनिटं.” ती म्हणाली, “एवढी वर्षं थांबले आणि तीनच मिनिटं?” “नियम आठ.” तिने कागद उघडला, बंद केला, बाजूला ठेवला.

मी जसंच्या तसं लिहून घेतलं आहे. ती म्हणाली, “किटलीबद्दल माझी तक्रार नाही. मी स्वतः हात वर केला होता. पण मुलाबद्दल तुम्ही चूक केलीत. हेनिया, तू त्या दिवशी पोरांना काय विचारलं होतंस?” हेनिया म्हणाली, “विचारलं होतं, आईबाबांच्या खोलीत सगळ्यांत छान काय आहे?” “आणि माझा काय म्हणाला?” हेनियाने ॲप्रन सारखा केला. “म्हणाला, माझ्या आईकडे किटली आहे, निळी, आणि ती शिट्टी मारते. आणि शिट्टी मारूनही दाखवली त्याने. दोनदा.” “मग तू सभेला शिट्टी का नाही सांगितलीस?” “शिट्टी विषयाला धरून नव्हती गं!”

तुझ्या आईने टेबलावर हात ठेवला. “ऐकलंत? तो चुगली करत नव्हता. तो माझं कौतुक करत होता. पोराने सांगितलं एक आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या भलत्यालाच. मीही हात वर केला असता तर तो खरं काय म्हणाला होता हे माहीत असलेलं जगात कुणी उरलंच नसतं. म्हणून एक मत विरोधात. त्याच्याविरोधात नव्हे रे, तुमच्या टाळ्यांच्या विरोधात.”

मुंडेकने दोन्ही हात वर केले. हेनियाने एकही खाली घेतला नाही.

मी बोलायची परवानगी मागितली. लोलेक म्हणाला, “पाहुण्याला बोलता येत नाही.” मग त्यावर मतदान झालं आणि मला एक मिनिट मिळालं. मी तुझ्या आईला सांगितलं की निमरोदला हे माहीत आहे. लहानपणापासून. तो मला एकदा म्हणाला होता, आणि तो कधी चहा पीत नसे. तिने बाजूला ठेवलेला कागद जवळ ओढला. मग म्हणाली, “थंडीतसुद्धा?” मी म्हटलं, “थंडीतसुद्धा.” “पहाऱ्यावर?” “पहाऱ्यावरसुद्धा.” “गाढव आहे,” ती म्हणाली, आणि नाक पुसायला तिने तो भाषण लिहिलेला कागदच वापरला. तो कागद मी मागून घेतला आहे. आमच्याकडे काही टाकत नाहीत.

ओळ काढायची सूचना तिने स्वतःच मागे घेतली. “राहू दे. पण खाली ते लिही.” ठराव चार: ‘मुलाचे पूर्ण म्हणणे असे होते: माझ्या आईकडे किटली आहे, निळी, आणि ती शिट्टी मारते.’ एकमताने. मी माझ्या हाताने, १९५५च्या पानावर, ९६ची तारीख घालून लिहिलं. लोलेकने घंटीच्या दांड्याने टेबलावर तीनदा ठोकलं, “मंजूर, मंजूर, मंजूर.” नियमाप्रमाणे एकदा पुरतं. का तीनदा, त्याला विचारलं तर चिडेल. मी विचारलं नाही. मला सकाळ आठवली, इतकंच.

मग तुझ्या आईने पिशवीत हात घातला आणि टेबलावर एक लहानसं पत्र्याचं टोपण ठेवलं. किटलीची शिट्टी. लोलेक ताडकन उभा राहिला. “ही कुठे होती? ही सर्वांच्या मालकीची वस्तू आहे! एक्केचाळीस वर्षं लपवून ठेवलीस?” ती शांतपणे म्हणाली, “ठरावात ‘किटली’ लिहिलं आहे. वाच. शिट्टी विषयाला धरून नव्हती.” हेनिया हसून हसून खोकायला लागली. मी काचेचं कपाट उघडलं. किटलीला बुडाशी केसाएवढी चीर होती, ती मी झाळून घेतली. पाणी ठेवलं, टोपण बसवलं. आणि ती खरोखर शिट्टी मारते, निमरोद. अशी की खिडकीबाहेरच्या कोंबड्या उडाल्या, आणि मुंडेकने, ज्याला वर्षानुवर्षं काही ऐकू येत नाही, एकदम मान वर करून विचारलं, “काय झालं? व्याली का?”

चहा मी तिथे घेतला. आज मात्र जीभ टाळूला चिकटली आहे आणि सूर्य अजून तुमच्या पाण्याच्या टाकीवर आहे, म्हणून आटोपतं घेतो आणि खरं काय ते सांगतो. हे पत्र मी आपणहून लिहिलेलं नाही. इतकी वर्षं माझा धीर झाला नव्हता आणि कदाचित यापुढेही झाला नसता. हा त्या सभेचा ठराव पाच आहे: ‘किटलीच्या यादीत एक नाव राहून गेले होते, ते निमरोदचे. दप्तरखान्याने त्यास पत्राने कळवावे.’ तुझ्या आईने या वेळी हात वर केला तो इतका वेळ खाली घेतला नाही की लोलेकला दोनदा मोजावं लागलं. विरोधात कुणीही नाही. तर आता नंबर तुझा आहे. नियम जुनाच: स्वतः येऊन न्यायची, एका संध्याकाळपुरती, सकाळी परत. टपालाने पाठवायची सोय आहे का, हे मी विचारून पाहिलं. तुझ्या आईनेच विरोध केला. तू येईपर्यंत सभा तहकूब आहे. लोलेकने तेवढा निरोप सांगितला आहे की या खेपेला एक्केचाळीस वर्षं थांबणं त्याच्या प्रकृतीला मानवणार नाही.

तुझाच,
आणि ठराव पाचपुरता सभेचाही,
सआद्या